मांडी दुखली म्हणजे वाढली का?

रविवारी सिंहगड करून आलेला माणूस मंगळवारी लगेच ओळखू येतो. जिना उतरताना तो कठडा धरतो, एकेक पायरी तिरकी घेतो आणि कुणी बघत नाही ना, याची आधी खात्री करून घेतो. आमच्या सोसायटीत दर पावसाळ्यात असे दोन-चार जण सापडतात. विचारलं की उत्तर ठरलेलं, "लॅक्टिक ॲसिड साठलंय." आणि त्याच्या पाठोपाठ स्वतःच स्वतःचं समाधान, "पण बरंच झालं, मसल फाटल्याशिवाय वाढत नाहीत."

या दोन्ही वाक्यांवर मीही बरीच वर्षं विश्वास ठेवला होता. ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, तरीसुद्धा. सत्तेचाळिसाव्या वर्षी रक्तातली साखर काठावर आली, डॉक्टरांनी "नुसतं चालू नका, थोडं वजनही उचला" असं सांगितलं आणि मी घराजवळच्या एका जिममध्ये नाव घातलं. तिथल्या प्रशिक्षकानं पहिल्याच दिवशी माझ्याकडून इतके स्क्वॉट काढून घेतले, की पुढचे चार दिवस खुर्चीत बसायचं म्हणजे देवाचं नाव घेऊन अंग सोडून द्यायचं, असं चाललं होतं. तक्रार केली तर म्हणतो, "दुखलं नाही तर वाढणार कसं, मॅडम?" त्या चिडीत मी वाचायला बसले. पुढचं सगळं ही त्या चिडीची कमाई.

आधी लॅक्टिक ॲसिडचा निकाल लावू. जोराचं काम करताना स्नायूत लॅक्टेट, म्हणजे या ॲसिडचंच रूप, तयार होतं, हे खरं. पण काम थांबल्यावर साधारण तासाभरात त्याची पातळी पूर्वपदावर येते. शरीर ते इंधन म्हणून वापरून टाकतं, हृदयसुद्धा ते जाळतं. गडावरची पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही संपेपर्यंत ज्याचा हिशेब मिटलेला असतो, ते मंगळवारी मांडीत कुठून येणार?

दुखण्याचं खरं कारण गड उतरण्यात असतं. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत आखडत तुम्हाला वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ब्रेकचं काम करतो. ताण धरून ठेवायचा आणि त्याच वेळी लांबत जायचं, असं दुहेरी काम. जड पोहरा विहिरीत सोडताना दोर हातातून निसटू न देता हळूहळू सोडावा लागतो, तसं. या कामात तंतूंच्या आतल्या बारीक रचनेला इजा होते, तिथे थोडी सूज येते, आसपासच्या संवेदना हळव्या होतात. एक ते तीन दिवसांत दुखणं कळसाला पोचतं आणि आठवड्याभरात जातं. पुढच्या रविवारी पुन्हा गेलात तर निम्मंही दुखत नाही, कारण एकदा असा मार खाल्लेला स्नायू त्या कामापुरता शहाणा होतो. म्हणूनच दर रविवारी पहाटे आतकरवाडीतून चढणारे साठी उलटलेले काका मंगळवारी टुणटुणीत असतात.

आता या दुखण्याचा आणि वाढीचा संबंध काय? २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आधी कधी व्यायाम न केलेल्या तरुणांना दहा आठवडे वजनं उचलायला लावली आणि त्यांच्या स्नायूंत नवी प्रथिनं किती बनतात, ते अधूनमधून मोजलं. पहिल्या व्यायामानंतर इजा सगळ्यात जास्त होती आणि प्रथिनांचं उत्पादनही सगळ्यात जास्त होतं. पण दहा आठवड्यांनी कुणाचा स्नायू किती वाढला, याच्याशी त्या उत्पादनाचा काहीही मेळ बसला नाही. सगळा माल डागडुजीतच गेला होता. तिसऱ्या आठवड्यापर्यंत इजा कमी झाली आणि तिथून पुढे जे उत्पादन मोजलं, त्याचा मात्र वाढीशी मेळ लागला. घराच्या भिंतीला भोकं पाडून घेतली तर गवंडी रोज येईल हो, पण मजला वर चढणार नाही.

मजला कसा चढतो, हे समजायला आधी घर आतून बघायला हवं.

स्नायू उकलला की त्यात जुड्या दिसतात, जुडीत तंतू. एक तंतू म्हणजे एकच पेशी. जाडी केसाएवढी, पण लांबी कित्येक सेंटिमीटर असू शकते आणि एकाच पेशीत शेकड्यांनी केंद्रकं. या तंतूच्या आत आणखी बारीक दोरे ठासून भरलेले असतात आणि प्रत्येक दोरा हा सार्कोमिअर नावाच्या छोट्या खणांची माळ असतो. एका मिलिमीटरमध्ये असे चारशेच्या वर खण बसतात. खणात दोन प्रकारच्या तारा असतात, बारीक ॲक्टिनची आणि जाड मायोसिनची. मायोसिनला शेकडो छोटी डोकी असतात. ती ॲक्टिनची तार पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुढे सरकून पुन्हा पकडतात. विहिरीवर पोहरा ओढून घेताना हात चालतात ना, अगदी तसे. तारांची लांबी बदलत नाही, त्या एकमेकींवरून सरकतात आणि खण आखूड होतो. लाखो खण एकाच वेळी आखूड झाले की आपण म्हणतो, हात वर उचलला.

ही गोष्ट १९५४ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन वेगवेगळ्या जोड्यांनी मांडली. एका जोडीत अँड्र्यू हक्सली, दुसऱ्या जोडीत ह्यू हक्सली. दोघांचं एकमेकांशी काही नातं नव्हतं. वर्गात हे सांगितलं की मुलं हमखास विचारतात, "मॅडम, मग भांडण झालं का?" नाही झालं. दोघांचंही बरोबर होतं.

स्नायू वाढतो म्हणजे मुख्यतः प्रत्येक तंतूच्या आत हे दोरे शेजारी शेजारी वाढत जातात आणि तंतू जाड होतो. तंतूंची संख्या मात्र जवळपास जन्मापासून असते तेवढीच राहते. जिममधला दंडाचा घेर म्हणजे जुन्याच तंतूंत दाटीवाटीनं बसलेले नवे दोरे.

पण हे व्हायच्या आधी आणखी एक गोष्ट होते आणि ती पुण्यात समजावणं फार सोपं आहे.

गणपतीच्या दोन महिने आधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. पहिल्या दिवशी पन्नास ढोल असतात, पण निम्म्यांचे हात चुकतात, काहींना कधी थांबायचं ते कळत नाही, काही नुसतेच उभे राहतात. महिनाभरानं तेच पन्नास ढोल वाजले की पुलावर उभं राहिलं तरी छातीत धडधडतं. ढोल वाढलेले नसतात. एकत्र वाजायला शिकलेले असतात.

नव्यानं वजन उचलणाऱ्याचे पहिले काही आठवडे असेच असतात. मेंदू आणि मणक्यातून निघणारे मज्जातंतू आहे तेच स्नायू जास्त संख्येनं, जास्त वेगानं आणि एकमेकांशी ताल धरून वापरायला शिकतात. विरुद्ध बाजूचे जे स्नायू उगाच आडवे येत होते, ते गप्प बसायला शिकतात. म्हणून पहिल्या महिन्यात डंबेल पाचाचं साडेसातावर जातं आणि आरशात मात्र काही दिसत नाही. याचा सगळ्यात मजेशीर पुरावा खूप जुना आहे. १८९४ साली येल विद्यापीठात एकाच हाताला सराव दिला, तर दुसऱ्या, काहीच न केलेल्या हाताची ताकदही वाढलेली दिसली. पुढे शंभराहून जास्त वर्षं हे पुन्हा पुन्हा दिसत आलंय. एका हाताला प्लास्टर असेल तर दुसऱ्या हाताचा व्यायाम चालू ठेवा, असं फिजिओथेरपिस्ट सांगतात, त्यामागे हेच आहे.

आरशात काही दिसत नाही म्हणून दीड महिन्यात जिम सोडणारे जानेवारीत पुष्कळ असतात. पथक तालात आलं आणि नवे ढोल यायची वेळ झाली, की हे घरी जातात.

नवे ढोल कोण मागवतं?

स्नायूंत जमाखर्च अखंड चालू असतो. जुनी प्रथिनं मोडली जातात, नवी बनतात. दिवसाला साधारण एक ते दोन टक्के माल बदलतो. जमा खर्चापेक्षा सतत थोडी जास्त राहिली तर स्नायू वाढतो, उलट झालं तर आटतो. पाय प्लास्टरमध्ये असताना काही आठवड्यांतच पोटरी कशी काटकुळी होते, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. जमेची बाजू वाढवण्याचं मुख्य कारण म्हणजे तंतूवर येणारा ताण, नुसती यांत्रिक ओढ. खणाच्या एका टोकापासून मध्यापर्यंत टायटिन नावाचं प्रथिन स्प्रिंगसारखं ताणलेलं असतं. आपल्या शरीरातलं हे सगळ्यात मोठं प्रथिन. तंतूच्या आवरणावरही अशा जागा असतात, जिथे आतली दोरी बाहेरच्या जाळ्याला बांधलेली असते. तंबूच्या खुंट्याच म्हणा. तंतू जोरात ओढला गेला की या ठिकाणी प्रथिनांचे आकार बदलतात आणि त्यातून रासायनिक निरोप सुटतात. स्नायूला वेदना ‘ऐकू’ येत नाही, ओढ ऐकू येते.

हे निरोप शेवटी एका मुकादमाकडे पोचतात. त्याचं नाव एमटॉर. तो पेशीतला प्रथिनं बनवण्याचा कारखाना चालू करतो, पण दोन गोष्टी जुळल्या तरच मन लावून काम करतो. बांधकामाची गरज आहे, असा निरोप हवा आणि माल जागेवर आलाय, असाही निरोप हवा. पहिला ताणातून येतो, दुसरा जेवणातल्या प्रथिनांतून, त्यातही ल्युसिन या अमिनो आम्लातून.

या मुकादमाच्या नावाची गोष्ट लांबची आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६४ साली कॅनडाहून एक तुकडी पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली आणि तिथल्या मातीचे नमुने घेऊन आली. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई. त्या मातीतल्या एका जीवाणूपासून माँट्रिअलच्या एका औषध कंपनीत सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांनी नवा पदार्थ वेगळा काढला. बेटावरून त्याला नाव पडलं रॅपामायसिन. पुढे कंपनीनं ती प्रयोगशाळा बंद केली, काम थांबवलं, पण सेहगलांनी तो जीवाणू स्वतःच्या घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला. नंतर काम पुन्हा सुरू झालं आणि १९९९ मध्ये किडनी प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी त्याच्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. हे औषध पेशीतल्या ज्या प्रथिनाला गप्प बसवतं, त्याचंच नाव एमटॉर, म्हणजे रॅपामायसिनचं लक्ष्य. २००९ साली संशोधकांनी काही माणसांना व्यायामाआधी हे औषध दिलं. व्यायाम झाला, ताण आला, पण प्रथिनांचं उत्पादन नेहमीसारखं वाढलंच नाही. मुकादमाला झोपवलं तर विटा आणि सिमेंट असूनही काम होत नाही, हे माणसात इतकं स्वच्छ दिसलं.

एकदा नीट व्यायाम झाला की उत्पादनाचा हा वाढलेला वेग साधारण एक ते दोन दिवस टिकतो. नवशिक्यात जास्त, मुरलेल्यात कमी. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात प्रोटीन शेक प्यायलं नाही तर सगळं पाण्यात, ही भीती त्यामुळे निराधार आहे. खिडकी दिवसभर उघडी असते. रात्रीच्या झोपेलाही यात वाटा आहे. वजन उचलून रात्रभर मोबाइल बघणाऱ्या आमच्या कॉलेजच्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते. ऐकत नाहीत.

तंतू जाड होत गेला की त्याला जास्त केंद्रकंही लागतात, कारण प्रत्येक केंद्रक ठरावीक टापूचाच कारभार बघू शकतं आणि तंतूतली केंद्रकं स्वतः विभागत नाहीत. मग ती येतात कुठून? १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाच्या स्नायूत तंतूला चिकटून, त्याच्या आवरणाखाली दबा धरून बसलेल्या छोट्या पेशी दिसल्या. त्यांना नाव मिळालं सॅटेलाइट पेशी. एरवी त्या झोपलेल्या असतात. ताण किंवा इजा झाली की जागतात, दुप्पट-चौपट होतात आणि काही जणी तंतूत विरघळून आपली केंद्रकं त्याला देऊन टाकतात. उंदरांमध्ये व्यायाम बंद केल्यावर तंतू बारीक झाला तरी ही केंद्रकं टिकून राहिलेली दिसली. तरुणपणी आखाडा गाजवलेल्या माणसाचं अंग दहा वर्षांनी पुन्हा लवकर भरतं, त्यामागे हेच असावं, असा एक तर्क आहे. माणसात नेमकं किती यामुळे आणि किती जनुकांवर राहिलेल्या खुणांमुळे, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

गाडीला ब्रेकही आहे. त्याचं नाव मायोस्टॅटिन. १९९७ साली उंदरांतलं याचं जनुक काढून टाकलं, तर त्यांचे स्नायू दुपटीच्या घरात गेले. बेल्जियन ब्लू जातीच्या बैलाचा फोटो पाहिला असेल तर आठवेल, बैल कमी आणि पैलवान जास्त वाटतो. त्याच्यात हाच ब्रेक जन्मतः बिघडलेला असतो. आपला ब्रेक शाबूत असतो, त्यामुळे दोन महिने डंबेल उचलून ‘बायकी अंग जाईल, पैलवान दिसेन’ ही मैत्रिणींची भीती अनाठायी आहे. मूळ आकाराच्या टक्केवारीत बायकांचे स्नायूही पुरुषांइतकेच वाढतात, पण सुरुवातच कमी मापानं झालेली असते.

आता कळीचा प्रश्न. ओढ किती हवी?

इथे पुन्हा थोडं पथकात डोकावू. एक मज्जातंतू अनेक तंतूंचा गट सांभाळतो. काही गट छोटे, चिवट, दमत नाहीत. काही मोठे, जोरकस, लवकर थकणारे. मेंदू आधी छोट्यांना बोलावतो, ते पुरेनात तेव्हा मोठ्यांना. पाण्याचा तांब्या उचलायला मोठे गट उठतच नाहीत. त्यांना उठवायचे दोन रस्ते आहेत. एक तर वजनच इतकं जड, की पहिल्यापासून सगळे कामाला लागावेत. किंवा वजन हलकं, पण इतक्या वेळा उचलायचं की छोटे गट थकून बसतात आणि शेवटच्या चार-पाच वेळांना मोठ्यांना यावंच लागतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१२ साली तरुणांच्या एका पायाला जास्तीत जास्त झेपणाऱ्या वजनाच्या ३० टक्के आणि दुसऱ्याला ८० टक्के वजन देऊन, दोन्ही अगदी उचलवेनासं होईपर्यंत करवून घेतलं. दहा आठवड्यांनी वाढ साधारण सारखीच. एकाच झटक्यात भारी वजन उचलायची ताकद मात्र जड वजनानं जास्त वाढली, कारण तो सरावच तसा होता.

म्हणजे पंधरा किलो की पाच किलो, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. सेट, म्हणजे सलग उचलण्याची एक फेरी, संपताना आणखी दोन-तीनच जमले असते, अशी अवस्था आली का, ते बघायचं. फोनवर बोलत बोलत वीस वेळा दोन किलोचं डंबेल हलवलं, तर मोठ्या गटांना त्याची खबरही लागत नाही. आमच्या जिममध्ये हे दृश्य रोज असतं.

आणि दुसरी अट, स्नायू वाढला की ओढही वाढवत न्यायची. कालचं जड आज हलकं झालेलं असतं. हे तत्त्व वैद्यकात आणणारा माणूस होता थॉमस डिलॉर्म, अमेरिकन लष्करातला डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या लष्करी इस्पितळात गुडघे निकामी झालेल्या सैनिकांची गर्दी होती आणि हलके व्यायाम महिनोन्‌महिने चालत. डिलॉर्मनं त्यांना दहा वेळा जेमतेम उचलता येईल इतकं वजन दिलं आणि जमेल तसं ते वाढवत नेलं. सैनिक लवकर बरे होऊ लागले. १९४५ मध्ये त्यानं ते छापलं आणि १९४८ पर्यंत पद्धत तीन सेटवर आणली. आजही प्रत्येक जिममध्ये "तीन सेट, दहा रेप्स" म्हणतात, ते त्या इस्पितळातून आलंय.

आमच्या तालमींना हे माहीत नव्हतं का? माझे सासरे तरुणपणी पेठेतल्या तालमीत जायचे. शुक्रवार पेठेतली चिंचेची तालीम काय, १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी स्थापन केलेलं महाराष्ट्रीय मंडळ काय, शरीर कमावण्याची पुण्याची हौस जुनी. सासरे सांगायचे, अमका पाचशे बैठका मारतो, तमका हजार. नुसता हिशेब केला, तर हजाराव्या बैठकीलाही वजन पहिल्या बैठकीइतकंच, स्वतःच्या अंगाचं. सुरुवातीला मांड्या भरतात, मग वाढतो तो दम. पण वस्ताद इतका भोळा नव्हता. जोर-बैठका झाल्या की करेल, म्हणजे लाकडी मुद्गल, फिरवायची, तीही वर्षागणिक जड. कुणी गळ्यात दगडी कडं अडकवून बैठका काढी, कुणी खांद्यावर जोडीदार बसवून. आणि लाल मातीत समोरचा गडी म्हणजे रोज बदलणारं वजनच. त्यांच्याकडे एमटॉर नव्हता, पण ओढ वाढवत न्यायला हवी, हे हातांना ठाऊक होतं.

खुराकाच्या बाबतीत मात्र मी सासऱ्यांशी वाद घालायचे. त्यांच्या मते सगळी ताकद बदामात. दहा बदामांत प्रथिनं जेमतेम अडीच ग्रॅम. तुपात शून्य. त्या खुराकात खरं काम करायचं ते दूध, लिटरभर प्यायलं तर तीसच्या वर ग्रॅम. भारतीय आहारशास्त्राच्या शिफारशीनुसार धडधाकट माणसाला दिवसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. वजन उचलणाऱ्यासाठी आजवरच्या अभ्यासांची गोळाबेरीज १.६ ग्रॅमच्या आसपास येते, त्यापुढे खाऊन फारसा फायदा दिसत नाही. साठ किलोच्या माणसाला हे झाले ९६ ग्रॅम. आता आपलं ताट बघा. वाटीभर वरण पाच-सहा ग्रॅम, तेही घट्ट असेल तर. दोन पोळ्या सहा-सात. अंडं सहा. शंभर ग्रॅम पनीर अठराच्या आसपास. पन्नास ग्रॅम कोरडे सोयाचे तुकडे पंचवीस. चतुर्थीच्या साबुदाण्याच्या खिचडीत जे काही आहे, ते शेंगदाण्यांचं. मांसाहारी माणसाला गणित सोपं पडतं, शाकाहाऱ्याला रोज थोडं डोकं चालवावं लागतं. मी मोडाची मटकी, दही, सोया आणि संध्याकाळी ग्लासभर दूध यावर ऐंशीपर्यंत पोचते आणि तेवढ्यावर भागतं. पावडर म्हणजे डब्यात भरलेलं दुधातलं प्रथिन, बाकी जादू काही नाही. किडनीचा त्रास असेल तर मात्र यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाही.

हे सगळं दंडाच्या घेरासाठी असतं तर मी इतकं वाचलं नसतं. माझ्यासाठी पुण्यातलंच एक संशोधन महत्त्वाचं ठरलं. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा करत आले आहेत. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं हडकुळी, स्नायू कमी. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं कमी झालेली नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबी राखून. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबतचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी एक, २२.३. शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के.

तो फोटो बघितला आणि मला माझी साखर कळली. वजनकाट्यावर मी कायम ‘बरोबर’ होते. पण जेवणानंतर रक्तात येणारी साखर उचलून ठेवणारी सगळ्यात मोठी कोठी म्हणजे स्नायू, आणि माझी कोठीच लहान होती. शिवाय काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या परवानगीची वाट न बघता साखरेसाठी स्वतःची दारं उघडतो. डॉक्टर "वजन उचला" म्हणाले ते यासाठी. मी जिम बदललं. आता आठवड्यातून दोनदा जाते. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना किमान तेवढंच सांगते. दुखतं क्वचित, वहीत वजनं मात्र वाढत्या क्रमानं लिहिलेली आहेत.

राहिल्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर. तिशीनंतर स्नायू दर दशकात थोडे थोडे आटत जातात आणि साठीनंतर वेग वाढतो, हे मी त्यांना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "अगं, आता या वयात काय वाढायचंय?" मग मी त्यांना बॉस्टनची हकिगत सांगितली. १९९० साली तिथल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनांचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली आणि मांडीतला स्नायू ९ टक्के. सासूबाई गप्प झाल्या, म्हणजे पटलं.

डॉक्टरांना विचारून आणि फिजिओथेरपिस्टला दाखवून आमचं सुरू झालं. खुर्चीत बसायचं, घोट्याला तांदळाची कापडी पिशवी बांधायची आणि पाय सरळ करायचा, हळू वर, त्याहून हळू खाली. मग हात न टेकता खुर्चीतून उठायचं, जमेल तितक्या वेळा. पहिल्या दिवशी एकदाही जमलं नाही. आता सात होतात. पिशवी अर्ध्या किलोपासून सुरू झाली होती, परवा दीड किलोवर आली. "पुढच्या सोमवारी आणखी पाव किलो घालू का?" विचारलं, तर म्हणाल्या, "घाल. पण हा कोलम काढ आणि आंबेमोहर भर. पाय वर गेला की निदान वास तरी चांगला येईल."